तुम्ही यांच्या कोण? : वयस्क समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या सिनेमाची प्रस्तावना

फ्रान्समधल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एका घरात मादलेन राहते, दुसऱ्यात निना. दोघींनी साठी केव्हाच ओलांडली आहे. मादलेनच्या मुलांना निना माहीत आहे ती समोरची शेजारीण म्हणून. प्रत्यक्षात दोघींचा संसार कित्येक वर्षांचा आहे आणि निनाचं बिऱ्हाड नावापुरतं. घर विकून रोमला जायचं, उरलेलं आयुष्य तिथे काढायचं, असं ठरलेलं आहे. मुलांना सांगणं तेवढं राहिलं आहे. ते सांगून होण्याआधीच मादलेनला पक्षाघात होतो. वाचा जाते. मुलं धावत येतात, पगारी बाई ठेवतात, आणि कालपर्यंत ज्या घरात निना हक्काने वावरत होती त्या घराची कडी वाजवायला तिला आता निमित्त शोधावं लागतं.

फिलिपो मेनेगेत्ती या दिग्दर्शकाचा हा पहिला कथापट २०१९ सालचा. ‘टू ऑफ अस’ या नावाने तो जगभर गेला. बार्बरा सुकोवा आणि मार्तिन शव्हालिये या दोन ज्येष्ठ अभिनेत्रींनी तो तोलून धरला आहे. त्यात रूढ अर्थाने खलनायक कुणी नाही. मादलेनची मुलगी आईवर मनापासून माया करणारी आहे. तरीही निनाच्या वाट्याला जे येतं ते भयंकर आहे, कारण प्रत्येक जण तिला उघड किंवा न बोलता एकच प्रश्न विचारत असतो : तुम्ही यांच्या कोण?

वयस्क समलिंगी आणि पारलिंगी माणसांचं आयुष्य दाखवणारे चित्रपट एकापाठोपाठ एक बघत गेलं की हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतो. कधी परिचारिका विचारते, कधी वकील, कधी घरमालक, कधी अस्थी ताब्यात देणारा कारकून. तरुण समलिंगी नायकाच्या सिनेमात कळीचा प्रसंग बहुधा ठरलेला असतो : घरी सांगणं. आईच्या डोळ्यांत पाणी, वडिलांचा अबोला, मग समेट किंवा ताटातूट. वयस्कांच्या सिनेमात तो प्रसंग एक तर पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलेला असतो, नाहीतर आता कधीच होणार नसतो. इथे नाट्य घडतं ते कागदांवरून. घर कुणाच्या नावावर आहे, अतिदक्षता विभागात कुणाला आत सोडणार, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही कुणाची चालेल, तेराव्याला कोण बसणार.

आपल्याकडे लग्नाला नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक हुकमी प्रश्न विचारला जातो : म्हातारपणी तुला कोण बघणार? समलिंगी मुलामुलींना तो प्रश्न विचारून कित्येकदा बोहल्यावर उभं केलं गेलं आहे. हे चित्रपट त्या प्रश्नाला थेट भिडतात. बघणारं माणूस आहे, असं ते दाखवतात. ते तीस-चाळीस वर्षं बघत आलं आहे, औषधांच्या वेळा त्याला पाठ आहेत. त्याला बघू दिलं जात नाही, हे खरं दुखणं आहे. या संपूर्ण क्षेत्राचं सार मला याच ठिकाणी सापडतं, आणि म्हणून चित्रपटाच्या अभ्यासकांइतकंच वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांचं, वारसाहक्काचे खटले लढवणाऱ्यांचं आणि ज्यांच्या घरात कुणी अविवाहित मावशी किंवा काका म्हातारे होत आहेत अशा साध्या प्रेक्षकांचंही इथे मनःपूर्वक स्वागत आहे. इथे शिरायला सिद्धान्तांची पूर्वतयारी लागत नाही.

हा सिनेमा कशातून बाहेर पडला हे मात्र आधी बघायला हवं. १९३४ पासून काटेकोरपणे राबवल्या गेलेल्या हॉलिवुडच्या निर्मितीसंहितेने समलिंगी प्रेमाचा उल्लेखच वर्ज्य ठरवला होता. १९६० च्या दशकात ती ढिली पडली आणि १९६८ मध्ये गेली, तेव्हा पडद्यावर जे वयस्क समलिंगी आले ते दयनीय तरी होते किंवा हास्यास्पद तरी. रॉबर्ट ऑल्ड्रिचच्या ‘द किलिंग ऑफ सिस्टर जॉर्ज’मध्ये (१९६८) उतरणीला लागलेली एक अभिनेत्री दारू पिते, जोडीदारणीला छळते आणि सगळं गमावते. पुढच्याच वर्षी स्टॅन्ली डोननच्या ‘स्टेअरकेस’मध्ये रेक्स हॅरिसन आणि रिचर्ड बर्टन यांनी दोन म्हाताऱ्या न्हाव्यांचं जोडपं रंगवलं, पण ज्यांची भूमिका करायची त्या माणसांबद्दलची अढी दोघांच्या अभिनयात लपत नाही. व्हिस्कॉन्तीचा ‘डेथ इन व्हेनिस’ (१९७१) हा यांपेक्षा फार वरच्या दर्जाचा चित्रपट. टोमास मानच्या १९१२ सालच्या दीर्घकथेवरचा. त्यातला प्रौढ संगीतकार एका सुंदर मुलाच्या ध्यासात केस काळे करून घेतो, चेहरा रंगवून घेतो, आणि समुद्रकिनारी खुर्चीत मरताना तो काळा रंग घामाबरोबर त्याच्या गालांवरून ओघळतो. ही प्रतिमा विसरता येत नाही, आणि अडचण तीच आहे. रंगवलेला, एकटा, तरुणाईवर डोळा ठेवून मरणारा म्हातारा : कित्येक वर्षं वयस्क समलिंगी पुरुषाचं पडद्यावर जवळपास एवढंच चित्र होतं. त्यात त्याला घर नव्हतं, स्वयंपाकघर नव्हतं, वर्षानुवर्षांचं भांडण नव्हतं.

ते चित्र पुसायला माहितीपटांनी सुरुवात केली. १९७७ सालच्या ‘वर्ड इज आउट’मध्ये सव्वीस माणसं कॅमेऱ्यासमोर बसून आपापली गोष्ट सांगतात. त्यांत १८९८ साली जन्मलेल्या कवयित्री एल्सा गिडलो आहेत. दोन महायुद्धं पाहिलेली ही बाई आपल्या प्रेमाबद्दल ज्या सहजतेने बोलते, त्यापुढे चळवळीतल्या तरुणांच्या घोषणाही फिक्या वाटतात. ‘टायनी अँड रूबी’मध्ये (१९८८) जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या टायनी डेव्हिस आणि त्यांच्या चाळीसहून अधिक वर्षांच्या सोबतीण रूबी भेटतात. बार्बरा हॅमरने ‘नायट्रेट किसेस’मध्ये (१९९२) दोन वृद्ध स्त्रियांचा शृंगार न संकोचता चित्रित केला. सुरकुतलेल्या कातडीला स्पर्शाची गरज असते हे मान्य करायला आपलाच समाज नव्हे, बहुतेक सगळेच समाज तयार नसतात. विधवेच्या इच्छेबद्दल आपण जेवढं गप्प बसतो तेवढंच. हॅमर यांनी ते तिथे धडधडीत मांडलं, आणि पुढच्या दिग्दर्शकांची वाट थोडी मोकळी झाली.

या परंपरेतला मला सर्वांत प्रिय असलेला चित्रपट म्हणजे सेबास्तियाँ लिफशित्झ यांचा ‘लेझँव्हिझिब्ल’, म्हणजे अदृश्य माणसं. २०१२ सालचा. यातली माणसं दोन महायुद्धांच्या दरम्यान जन्मलेली आहेत आणि त्यांतली बरीच शहरांपासून दूर राहतात. कुणी शेळ्या राखतं, कुणी शेती करतं. शहरात गेल्याशिवाय असं आयुष्य जगता येत नाही, हा जो समज जगभर आहे तो हा चित्रपट वाद न घालता मोडून काढतो. त्यात तेरेज क्लेर आहेत : लग्न करून चार मुलं वाढवलेली बाई, जी पुढे स्त्रीवादी चळवळीत आली, गर्भपाताच्या हक्कासाठी लढली, स्त्रियांच्या प्रेमात पडली, आणि जिने म्हातारपणी पॅरिसजवळच्या माँत्रय गावात वृद्ध स्त्रियांनी स्वतःच चालवायचं एक निवासस्थान उभं करून दाखवलं. त्यांची चारही मुलं कॅमेऱ्यासमोर आईबद्दल बोलतात, तो भाग पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. लिफशित्झ घाई करत नाहीत. झाडांतून वारा वाहतो, जुनी छायाचित्रं पडद्यावर येतात, आणि माणसं त्यांना वाटेल तेव्हा बोलतात. फ्रान्समध्ये समलिंगी विवाहाचा वाद शिगेला पोचलेला असताना हा चित्रपट प्रदर्शित झाला. कायदा मे २०१३ मध्ये झाला. त्या वादाबद्दल चित्रपटात भाषण नाही. ऐंशीच्या घरातले दोन पुरुष एकमेकांची टिंगल करताना दिसले की भाषणाची गरज उरत नाही.

कागदांचा प्रश्न सर्वांत ठळकपणे ज्या माहितीपटातून पुढे आला तो ‘ईडी अँड थिया : अ व्हेरी लाँग एंगेजमेंट’ (२००९). ईडिथ विंडसर या संगणकतज्ज्ञ, थिया स्पायर मानसशास्त्रज्ञ. १९६७ मध्ये दोघींनी आयुष्यभर एकत्र राहायचं वचन दिलं. अंगठी घातली तर कार्यालयात प्रश्न येतील म्हणून थियाने हिऱ्यांचा ब्रोच दिला. पुढे थियाला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला आणि हळूहळू सगळं शरीर जखडत गेलं. ईडीने तिची सेवा केली. २००७ मध्ये दोघींनी टोरांटोला जाऊन लग्न केलं, २००९ मध्ये थिया गेल्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ईडीला पत्नी मानलं नाही आणि वारशावर ३,६३,०५३ डॉलरचा कर लावला. त्या करावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ रोजी ईडींच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र वाचणारे पुष्कळ आहेत. पण दोघींमध्ये नक्की काय होतं ते कळायला चित्रपटच बघावा लागतो. चाकांच्या खुर्चीत बसलेली थिया आणि तिच्या मांडीवर बसून तालावर डोलणारी ईडी. त्या खुर्चीला त्या दोघींनी नाचायला शिकवलं होतं.

कथापटांत हाच प्रश्न सातत्याने घराच्या रूपात येतो, आणि इथे मला दोन चित्रपट शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. त्यांच्यात जवळजवळ पाव शतकाचं अंतर आहे आणि अर्ध्या पृथ्वीचं. पहिला अमेरिकेतला : ‘इफ दीज वॉल्स कुड टॉक २’ या तीन भागांच्या दूरचित्रवाणीपटाचा (२०००) जेन अँडरसन दिग्दर्शित पहिला भाग, काळ १९६१. ईडिथ आणि ॲबी या दोन वृद्ध स्त्रिया एकत्र राहतात. ॲबी पडते, तिला दवाखान्यात नेतात. ईडिथ नातेवाईक नसल्यामुळे तिला आत सोडत नाहीत, आणि रात्रीतून ॲबी एकटीच जाते. घर ॲबीच्या नावावर. भाचा कुटुंबासह येतो. त्यांच्या येण्याआधी ईडिथ घरातून आपल्या नात्याच्या खुणा उचलते : छायाचित्रं काढते, झोपायची खोली वेगळी असल्यासारखं दाखवते. व्हेनेसा रेडग्रेव्ह यांचं ते काम पाहताना लक्षात येतं की दुःख करायलाही परवानगी लागते, आणि शेजारणीला ती मिळत नाही.

दुसरा हाँगकाँगचा. रे युंग दिग्दर्शित ‘ऑल शॅल बी वेल’ (२०२४), ज्याला बर्लिन महोत्सवात टेडी पुरस्कार मिळाला. अँजी आणि पॅट साठीतल्या. पॅटच्या भावाचं कुटुंब दोघींना मानतं, सणाला जेवायला येतं, पुतण्या-पुतणीच्या लेखी अँजी ही आणखी एक आत्याच. पॅट एका रात्री झोपेत जाते. वैध मृत्युपत्र मागे नाही, आणि फ्लॅट पॅटच्या नावावर आहे. सुरुवातीला सगळे अँजीच्या भोवती गोळा होतात. मग अस्थींचा प्रश्न येतो. पॅटला समुद्रात विसर्जन हवं होतं असं अँजी सांगते. वास्तू पाहणारा माणूस मात्र म्हणतो की अस्थी अमुक जागी ठेवल्या तर पुढच्या पिढीचं भलं होईल. अँजीचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, आणि मग बाजूला ठेवलं जातं. त्यानंतर घराची पाळी येते.

युंग यांचं मोठेपण असं की ते भावाच्या कुटुंबाला राक्षस करत नाहीत. भाऊ उतारवयातही पहाऱ्याची नोकरी करतो. मुलांना लग्न करायचं तर जागा नाही, भाड्याच्या खुराड्यात दिवस काढायचे. जगातल्या सर्वांत महाग घरांच्या शहरात एक अख्खा फ्लॅट अचानक हाताशी येतो, आणि प्रेमळ माणसं हळूहळू, एकमेकांच्या नजरा चुकवत, कायद्याने जे त्यांचं आहे ते मागायला लागतात. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीवरून सख्ख्या भावंडांत झालेले दावे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे कुटुंब परकं वाटणार नाही. १९६१ च्या अमेरिकेतला भाचा अज्ञानातून बोलत होता. हाँगकाँगमधल्या पुतण्याला सगळं माहीत आहे, मान्यही आहे. मायेने मान्य असणं पुरत नाही, कागद लागतो, हे मला या चित्रपटाइतकं स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या चित्रपटात दिसलेलं नाही.

उलटही घडतं. आयरा सॅक्सच्या ‘लव्ह इज स्ट्रेंज’मध्ये (२०१४) कागद मिळतो आणि घर जातं. जॉन लिथगो आणि आल्फ्रेड मोलिना यांनी रंगवलेलं जोडपं एकोणचाळीस वर्षं एकत्र राहिल्यावर न्यूयॉर्कमध्ये कायदेशीर लग्न करतं. त्या लग्नामुळेच त्यांतल्या जॉर्जची कॅथलिक शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी जाते, हप्ते झेपत नाहीत, घर विकावं लागतं, आणि दोन म्हातारे दोन वेगळ्या घरांत पाहुणे म्हणून राहू लागतात. एक भाच्याच्या किशोरवयीन मुलाच्या खोलीत दुमजली पलंगावर, दुसरा शेजाऱ्यांच्या कोचावर. पाहुणेपण किती लवकर जड होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

युंग यांचाच आधीचा चित्रपट ‘सुक सुक’ (२०१९) पुरुषांचा आहे. पाक सत्तरीतला टॅक्सीवाला, बायको-मुलं-नात असलेला. होई निवृत्त, घटस्फोटित, मुलगा कट्टर ख्रिस्ती. दोघांनी आयुष्यभर कुटुंबासाठी खस्ता खाल्ल्या आणि एका बागेत त्यांची गाठ पडते. समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस काँग यांनी गोळा केलेल्या वयस्क समलिंगी पुरुषांच्या मौखिक इतिहासातून हा चित्रपट स्फुरला. यात समलिंगी वृद्धांसाठी वेगळा वृद्धाश्रम असावा का, यावर म्हातारे आपसांत चर्चा करतात. मागणी सगळ्यांना पटते. पण ती मांडायला आपला चेहरा घेऊन उभं कोण राहणार? हाँगकाँगमध्ये १९९१ पर्यंत पुरुषांमधले संबंध गुन्हा होते, म्हणजे या माणसांची तरुणाई भीतीतच गेली. ती भीती कायदा बदलला म्हणून अंगातून निघत नाही.

वृद्धाश्रमाची ही चिंता खरी आहे, याची साक्ष स्टू मॅडक्सच्या ‘जेन सायलेंट’ (२०१०) या बॉस्टनमधल्या माहितीपटात मिळते : उभं आयुष्य उघडपणे जगलेली माणसं शुश्रूषागृहात जायची वेळ आली की पुन्हा लपायला लागतात, कारण आंघोळ घालणाऱ्या परक्या हातांची त्यांना धास्ती वाटते. जपानी दिग्दर्शक इश्शिन इनुदो यांनी ‘मेझॉन दे हिमिको’मध्ये (२००५) समुद्राकाठी समलिंगी पुरुषांचा एक वृद्धाश्रमच वसवून दाखवला. लहानपणी तिला सोडून गेलेल्या आणि आता मरणपंथाला लागलेल्या बापाला त्याची मुलगी तिथे भेटते. ती त्याला माफ करत नाही, आणि चित्रपटही तिच्यावर ती सक्ती करत नाही. हे मला फार प्रामाणिक वाटतं. समलिंगी पुरुषांनी टाकून दिलेल्या बायका-मुलांचंही म्हातारपण असतं, आणि या क्षेत्राने त्यांना विसरता कामा नये.

मराठी वाचकाचा या विषयाशी सर्वांत थेट संबंध येतो तो हन्सल मेहता यांच्या ‘अलिगढ’ या चित्रपटामुळे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते. त्यांच्या ‘पाया खालची हिरवळ’ या संग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, ते एका पुरुषासोबत असताना चित्रीकरण केलं, आणि निवृत्तीला काही महिने उरलेले असताना विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निकालामुळे प्रौढांमधले संमतीचे संबंध त्या वेळी गुन्हा नव्हते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबन स्थगित केलं, आणि ७ एप्रिलला ते त्यांच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. कायदा बाजूने होता, न्यायालय बाजूने होतं, आणि तरीही हे झालं.

‘अलिगढ’ खटल्यावरचा चित्रपट म्हणून बघितला जातो. मला तो एका वृद्धाच्या एकटेपणाचा चित्रपट वाटतो. अपूर्व असरानी यांच्या पटकथेत आणि मनोज वाजपेयी यांच्या कामात सिरस हा क्रांतिकारक नाही. तो अवघडलेला, शिष्ट, थोडा हट्टी मास्तर आहे. घराला कुलपं लावतो, रात्री पेला हाती धरून लता मंगेशकरांची जुनी गाणी लावतो आणि त्यांच्याबरोबर गुणगुणतो. तो प्रसंग मेहता कितीतरी वेळ चालू ठेवतात. न्यायालयात त्याच्यावरच युक्तिवाद चालू असताना तो आपल्या कवितांचं भाषांतर करत बसतो, पेंगतो. हिंदी-उर्दूच्या गावात मराठी शिकवणारा, पत्नीपासून केव्हाच वेगळा झालेला, सहकाऱ्यांच्या कुजबुजीत राहणारा माणूस. तरुण पत्रकार दीपूशी त्याचं जे मैत्र जुळतं त्यात या सगळ्यावर थोडी फुंकर आहे. चित्रपटाची एक उणीव मला खुपते : त्या रात्री सिरस यांच्यासोबत असलेला गरीब रिक्षावाला कथेतून फार लवकर बाजूला पडतो. प्राध्यापकाला न्यायालयाचा रस्ता तरी सापडला. रिक्षावाल्याचं म्हातारपण कसं जातं हे कुठल्याच चित्रपटाने विचारलेलं नाही.

सिरस यांच्यावर हे गुदरलं त्याच काळात बंगालीत एक विलक्षण गोष्ट घडली. चपल भादुरी हे जात्रेतले गाजलेले स्त्रीपार्टी नट, रंगमंचावरची ‘चपल राणी’. रंगभूमीवर स्त्रिया आल्या तसं त्यांचं काम सुटत गेलं, आणि उतारवयात ते शीतलादेवीचं सोंग घेऊन रस्त्यावर खेळ करू लागले. नवीन किशोर यांनी १९९९ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. कौशिक गांगुली यांच्या ‘आरेकटी प्रेमेर गोल्पो’मध्ये (२०१०) भादुरी स्वतःच्याच भूमिकेत आहेत, आणि त्यांच्यावर चित्रपट करणारा दिग्दर्शक रंगवला आहे ऋतुपर्णो घोष यांनी, भूतकाळातल्या प्रसंगांत तरुण चपलही तेच झाले आहेत. दोन पिढ्या एका खोलीत बसतात. एकीकडे शहरी, इंग्रजी बोलणारा, आपल्या असण्याला नाव देऊ शकणारा कलावंत. दुसरीकडे कसल्याही नावाशिवाय उभं आयुष्य प्रेम करून चुकलेला म्हातारा. लहान पिढी मोठ्या पिढीकडून काय घेते आणि कुठे तिला समजून घ्यायला कमी पडते, याचा अभ्यास करायचा तर हा चित्रपट टाळता येणार नाही.

मल्याळममध्ये जिओ बेबी यांच्या ‘कातल’ने (२०२३) आणखी एक पाऊल टाकलं. मम्मूटी यांच्यासारख्या ताऱ्याने सत्तरी ओलांडल्यावर समलिंगी असलेल्या निवृत्त बँक अधिकारी मॅथ्यूची भूमिका घेतली. तो पंचायतीची पोटनिवडणूक लढवत असतानाच पत्नी ओमना घटस्फोट मागते. ती सूड उगवत नाही. उरलेलं आयुष्य दोघांनाही आपापलं मिळावं एवढंच तिचं म्हणणं आहे. आणि मराठीत? रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये संडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. त्यातले आनंद आणि बाळ्या तरुण आहेत, म्हणून तो काटेकोरपणे या यादीतला नाही. पण वडिलांच्या सुतकातले ते दहा दिवस आणि मुलाला ओळखून असलेली आई पाहताना वाटतं, की मराठीतला वयस्कांचा चित्रपट याच वाटेने येईल.

पारलिंगी वृद्धांचं चित्रण अजून तुटपुंजं आहे. लिफशित्झ यांचा ‘बाँबी’ (२०१३), ज्यात १९३५ साली अल्जीरियात जन्मलेल्या मारी-पिएर प्रुव्हो आपलं रंगमंचावरचं आणि मग शिक्षिकेचं आयुष्य उलगडतात, तो एक दिलासा देणारा अपवाद. आपल्याकडे वयस्क तृतीयपंथी पडद्यावर आला तो प्रामुख्याने भीती घालायला. महेश भट्ट यांच्या ‘सडक’मधली (१९९१) महाराणी सदाशिव अमरापूरकरांनी अशी काही रंगवली की त्यांना फिल्मफेअर मिळालं, ताकदीचा अभिनय, पण त्या प्रतिमेची किंमत रस्त्यावरच्या हिजड्यांनी मोजली. त्याच भट्ट यांनी १९९७ मध्ये ‘तमन्ना’ केला, आणि त्यात परेश रावल यांचा टिक्कू कचऱ्यात टाकलेली मुलगी वाढवतो. सहा वर्षांत एकच दिग्दर्शक इतका बदलू शकतो, हे अभ्यासकाने नोंदवून ठेवावं. गुरू-चेल्यांच्या घराण्यांत म्हाताऱ्या गुरूला कोण सांभाळतं, तिच्यामागे घर कुणाकडे जातं, हे प्रश्न मात्र कथापटांनी जवळजवळ सोडूनच दिले आहेत. रक्ताबाहेर वारसा चालवणारी इतकी जुनी व्यवस्था आपल्या दारात आहे, आणि आपण हाँगकाँगमधल्या फ्लॅटवर लिहीत बसतो, ही माझी स्वतःच्या क्षेत्राकडे तक्रार आहे.

कायद्याची आजची स्थिती अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार बोथट केली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्राने संयुक्त बँक खातं, जोडीदाराचं नामनिर्देशन, आणि जवळचे नातलग नसतील तर मृतदेह ताब्यात घेण्याची मुभा याबद्दल सूचना काढल्या. ‘ऑल शॅल बी वेल’ पाहून आल्यावर या सूचना वाचल्या तर प्रत्येक ओळीमागे एक चेहरा दिसू लागतो.

सुरुवात कुठून करावी, असं नवे वाचक विचारतात. घरातल्या मोठ्यांबरोबर बघायचा असेल तर ‘लव्ह इज स्ट्रेंज’ घ्यावा. त्यात कुणालाही परकं वाटेल असं काही नाही. ‘इफ दीज वॉल्स कुड टॉक २’चा पहिला भाग आणि ‘ऑल शॅल बी वेल’ लागोपाठच्या आठवड्यांत बघावेत, एकाच दिवशी नको. माहितीपटांकडे वळायचं तर लिफशित्झपासून. मुंबईत २०१० पासून भरणाऱ्या ‘कशिश’ महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवावं, कारण यांतले पुष्कळ चित्रपट इथल्या चित्रपटगृहांत एरवी येत नाहीत. ‘अलिगढ’ कधीही बघा, पण बघून झाल्यावर सिरस यांच्या कविता मिळवून वाचा. चित्रपटात तो माणूस हिंदी-इंग्रजीत बोलतो. कविता त्याने आपल्या भाषेत लिहिल्या होत्या.